मालाला डोळा नसतो

माझं मत विचाराल तर मुरुमच्या त्या माणसाला मासा काढता येत नाही. शेपटी येते, डोळा येतो, मधलं सगळं अंदाजपंचे. पण माझं मत आता विचारतंय कोण? मी लोहाऱ्यात साडूच्या फ्लेक्सच्या दुकानात बसतो. गिऱ्हाईक येतं, म्हणतं, "मच्छी सेंटरचा बोर्ड करा," आणि मी कॉम्प्युटरवर मासा शोधतो. कॉम्प्युटर दाखवतो तो मासा कुठल्या समुद्रातला, देव जाणे. गुलाबी मांसाचा, बर्फावर निजवलेला, शेजारी लिंबाची फोड. तेरणेच्या पाण्यात असला मासा कुणी जन्मात पाहिला नाही. तरी गिऱ्हाईक म्हणतं, "ब्येस हाय की." ब्येस हाय म्हणे! दोन मिनिटांत छापून निघतो आणि दोन उन्हाळ्यांत पांढराफटक पडतो.

दुष्काळी जिल्हा, आणि मासे रंगवणारे पेंटर कुठनं आले, असं बाहेरची माणसं विचारतात. आले कुठनं म्हणजे? माणसं मासे खातात तिथं बोर्ड लागतो, बोर्ड आला की पेंटर आला. माकणीच्या धरणावर मासा निघतो, रस्त्यावरच्या ढाब्यांवर तळला जातो, आठवडी बाजारात विकला जातो. मासा काढणारे आम्ही हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे होतो, आणि त्यांत कुणाचं कुणाशी पटत नव्हतं. बाकीचे पेंटर कसे आहेत ते मला विचारू नका. विचारलंत तर सांगेन, आणि मग माझं तोंड थांबणार नाही.

कळंबचा एक होता, त्याचं उदाहरण घ्या. त्यानं एका कॅलेंडरवरनं पापलेट उचललं होतं. जाईल त्या दुकानावर तेच पापलेट, खाली एक खेकडा, बाजूला मिशावाले झिंगे. दुकानात मिळणार चिलापी आणि मरळ, बोर्डावर पापलेट. मी त्याला तोंडावर विचारलं, "बाबा, तू पापलेट कधी हातात धरलंस का?" तर म्हणतो, "धरायचं कशाला? झाक पडली पायजे." झाक! बिड्या ओढत रंगवायचा आणि खवले उलटे काढायचा, टोकं डोक्याकडं. तसला मासा पाण्यात पुढं गेला तर सोलूनच निघेल. पण दुकानदार खूश, तो खूश. गाढवाला गुळाची चव काय.

माझी रीत वेगळी होती. मी बाजारातनं खराखुरा रोहू आणायचो, ओल्या गोणपाटावर निजवायचो आणि त्याच्यासमोर मांडी घालून बसायचो. खवले शेपटाकडनं डोक्याकडं काढत यायचं, घरावर कौलं चढवतात तसं, म्हणजे पुढचा खवला मागच्यावर बसतो. प्रत्येक खवल्याला कडेला तांबूस छटा, मध्ये चांदी, खाली सावलीची रेघ. एक नंबरच्या ब्रशनं. एका माशाला तीन दिवस. बायको म्हणायची, घरात माशाचा वास आणि तुमच्या अंगाला टर्पेंटाइनचा, कुठल्या वासानं मरू ते तरी सांगा. पण माझा मासा बघून माणूस हात लावायचा. बोटाला खवला लागतो का बघायचा. मला तेवढं पुरत होतं.

शिकलो मी मुरुमला. तिथल्या बाजारात चाचांचं दुकान होतं. चाचा माझे कुणी लागत नव्हते, सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं म्हणून मीही. जुने पेंटर. मराठी, उर्दू, कानडी, तिन्ही अक्षरं एका हातानं लिहायचे, दोरी न मारता, आणि ओळ जागची हलायची नाही. त्यांचा मासाही अक्षरासारखाच असायचा. चपटा ब्रश पाठीवर जाड चालायचा, शेपटाजवळ बारीक व्हायचा, परत फिरून पोटाखालनं यायचा. रंग एकच, निळा. खवले नाहीत, पर नाहीत. आणि डोळ्याच्या जागी नुसतं पांढरं गोल, आत बुबुळ नाही.

एकदा उमरग्याचा हॉटेलवाला बोर्ड न्यायला आला आणि म्हणाला, "चाचा, डोळा राहिला की." चाचा ब्रश पुसत म्हणाले, "राहिला न्हाय, ठेवलाच न्हाय. जानदार चीज काढायची न्हाय आमच्यात. हा माल हाय, भाई. मालाला डोळा नसतो." हॉटेलवाला हसला आणि बोर्ड घेऊन गेला. मी तिथंच डबे धूत होतो. मी ना त्यांच्या धर्माचा, ना त्यांच्या घरचा, आमच्या देव्हाऱ्यात खंडोबाचे टाक. पण ते वाक्य माझ्या काळजात जाऊन बसलं. त्या दिवसापासनं मी काढलेल्या एकाही माशाला बुबुळ नाही. कागदावरसुद्धा नाही.

दुकानात शिकणारे दोघं होतो. मी, आणि चाचांच्या भावाचा मुलगा. मुरुमचा तो माणूस म्हणालो तो हाच. मला पहिल्या दिवसापासनं त्याचा राग यायचा. तो कधी माशाकडं बघायचाच नाही. मी गोणपाटासमोर बसून डोळे फोडतोय, आणि हा पायरीवर बसून भजी खातोय. मग उठायचा, बोटं पँटला पुसायचा, आणि सहा-सात फटकारे. झालं. एक पाठीचा, एक पोटाचा, दोन परांचे, शेपटीला एक झटका. ना खवला, ना छटा. आणि पाचातली चार माणसं माझ्या माशाला "शाब्बास" म्हणायची आणि त्याच्या माशापाशी जाऊन उभी राहायची. अंगाचा तिळपापड व्हायचा माझा. त्याला विचारलं की म्हणायचा, "तू मासा बघतोस. म्या पाणी बघतो." आला मोठा उंटावरचा शहाणा!

एक दिवस चाचा दुपारच्या नमाजला गेले होते. एका ढाब्याचा बोर्ड अर्धा झाला होता, मासा पुतण्याचा होता. त्यानं इकडंतिकडं बघितलं, काळ्यात ब्रश बुडवला आणि पांढऱ्या गोलात एक ठिपका ठेवला. एवढंच. आणि खरं सांगतो, आवडलं नाही तरी सांगतो, तो मासा माझ्याकडं बघायला लागला. मला धडकीच भरली. चाचा आले, टोपी काढून खिळ्याला लावली, त्यांचं लक्षही गेलं नसतं. मी म्हणालो, "चाचा, डोळा बघा."

मीच म्हणालो. लपवायचं काय त्यात? चूक त्याची होती.

चाचांनी चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवली आणि तो डोळा पुसला. गिऱ्हाइकं उभी होती. पुसता पुसता त्याला म्हणाले, "निकल. माझ्या दुकानात पाय ठेवायचा न्हाय." तो जाताना माझ्याकडं बघून हसला तेवढा, तसलं हसू मी अजून विसरलो नाही. दुसऱ्या दिवशी चाचांनी तो अर्धा बोर्ड माझ्यापुढं सरकवला. तोंडानं एक शब्द नाही. मला वाटलं, गादी मिळाली. त्यांच्या रक्ताचा होता त्याला हाकललं, आणि मला ठेवलं, म्हणजे खरा शागीर्द कोण? हा हिशेब मी आयुष्यभर छातीशी धरून बसलो.

पुढं मी लोहाऱ्यात दुकान टाकलं. माझे मासे आंधळे म्हणून ओळखले जायला लागले. कुणी विचारलं, "पेंटर, डोळा राहिला," की मी चाचांचं वाक्य ऐकवायचो: मालाला डोळा नसतो. ढाबेवाले मान हलवायचे. त्यांना काय, तळलेल्या माशाला डोळा असतो कुठं? मुरुमवाल्यानंही आपलं दुकान टाकलं होतं, चाचांच्या दुकानापासनं हाकेच्या अंतरावर. त्याच्या माशांना डोळे होते. वीस वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही. लग्नात दिसला तर मी जेवायच्या पंगतीतनं उठायचो.

मग फ्लेक्स आलं आणि आम्हा सगळ्यांच्याच ताटात माती कालवली गेली. कळंबवाला पापलेटासकट गायब झाला, ऐकलं की पुण्याला वॉचमन आहे. माझ्या दुकानाला दोन-दोन महिने बोर्ड येईना. साडू म्हणायला लागला, "दाजी, किती दिवस ब्रश चोखत बसताय? माझ्याकडं बसा." तो दाजी म्हणतो ना, त्यात मान कमी आणि कीव जास्त.

अशात माकणीचं काम निघालं. धरणाच्या रस्त्याला मासे विकणाऱ्यांच्या सोसायटीनं नवे गाळे बांधले होते, आणि गाळ्यांच्या शेवटाला रस्त्याकडं तोंड करून एक लांबलचक भिंत. तिच्यावर धरणातले सगळे मासे काढायचे: रोहू, कटला, मरळ, वाम, चिलापी, मोठेच्या मोठे. फ्लेक्स तिथं चालत नाही. धरणावरचा वारा असा की आठवड्यात चिंध्या होतात. म्हणजे ब्रशच पाहिजे. महिनाभराचं काम, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण बघणार. मी बायकोला सांगितलं, "ही भिंत मिळाली तर दुकान राहील. न्हाय मिळाली तर शटर ओढतो आणि गपगुमान साडूकडं जातो." तिनं देवापुढं नारळ ठेवला.

सोसायटीची अध्यक्ष एक बाई होती. पन्नाशी ओलांडलेली, उभा जन्म मासे विकण्यात गेलेला. सगळे तिला आक्का म्हणायचे. मी गेलो तर म्हणाली, "मुरुमचा पेंटरबी आलता कालच." माझं डोकं फिरलं. ती म्हणाली, "भांडू नका. दोन गाळ्यांची शटरं कोरी हायती शेजारी शेजारी. दोघं बी एकेक रोहू काढा. आमाला पटंल त्याची भिंत." मी म्हणालो, "आक्का, मला तीन दिवस लागतील." "दोन घे," ती म्हणाली, "आन् धार लावायला बसल्यागत बसू नको."

दोन दिवस मी त्या शटरसमोर बसलो. शटरच्या पत्र्याला खाचा असतात, त्यावर खवला बसवणं म्हणजे जीव काढणं. तरी बसवला. रोज सकाळी जाळ्यातनं आलेला रोहू आक्काकडनंच घेऊन समोर ठेवला. शेपटाकडनं निघालो, पाठीवर काळपट हिरवा, बाजूला चांदी, कडेला तांबूस. मान आखडली, बोटं आखडली. आजवर काढलेल्या माशांत हा सगळ्यांत चांगला झाला, हे मला स्वतःलाच दिसत होतं. शेवटी डोळ्याचं गोल काढलं, पांढरं भरलं, आणि हात आवरला.

तो दुसऱ्या दिवशी चार वाजता आला. मोटारसायकल लावली, चहा मागवला. वीस वर्षांनी माझ्याशी पहिलं वाक्य बोलला ते काय, तर, "अजून खवलेच मोजतोस का?"

मी म्हणालो, "तू अजून कामाची टाळाटाळच करतोस का?"

त्यानं चहा संपवला, कप शटरखाली ठेवला, आणि जाड ब्रश घेतला. पाठीचा फटकारा मारला तेव्हा मी मुद्दाम दुसरीकडं बघत होतो. पण बाया गप्प झाल्या म्हणून बघावं लागलं. मासा अर्धा वळलेला होता, शेपूट शटरच्या एका खाचेत आणि डोकं वर, जणू आत्ता पाण्यातनं उसळला. खवला एकपण नाही. पर म्हणजे दोन शेंदरी ओघळ. त्यानं डोळ्यात काळा ठिपका ठेवला, त्या ठिपक्यात पांढरं बारीक टिंब ठेवलं, आणि ब्रश झटकला. रंगाचे चार थेंब माझ्या शटरवर उडाले. मुद्दाम की चुकून, विचारलं नाही.

आक्का आधी माझ्या माशापाशी आली. तिच्यामागं सात-आठ बाया, हाताला खवले चिकटलेले. आक्कानं माझ्या रोहूवरनं हात फिरवला, शेपटाकडनं डोक्याकडं, खरा मासा तपासतात तसा उलटा. "आगं बया," म्हणाली, "ह्यो तर हाताला लागतोय की." माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू! मी त्याच्याकडं तोंड करून उभा राहिलो, त्याला दिसावं म्हणून. आक्काचा हात कल्ल्यापर्यंत गेला, डोळ्यापाशी थांबला. तिनं मान वाकडी करून बघितलं.

"पेंटर," ती म्हणाली, "ह्यो कवाचा हाय?"

"कवाचा म्हंजी? आत्ताच वाळला की."

"रंग न्हाय रं. मासा कवाचा हाय?"

मला कळेना. मी म्हणालो, "तुम्हीच दिला की सकाळी."

"त्यो ताजा व्हता. ह्यो शिळा हाय. डोळा बघ की, पांढरा पडलाय. परवाचा मासा हाय ह्यो." मागच्या बाया हसायला लागल्या. एक म्हणाली, "वास बी यील आता." आक्का हसली नाही, ती समजावून सांगायला लागली, आणि त्याचाच मला जास्त राग आला. "गिऱ्हाईक आदी डोळा बगतंय, लेकरा. काळा आन् फुगीर आसंल तर ताजा. पांढरा पडला की शिळा. आमी भिंतीवर पाच शिळं मासं लावून बसलो तर आमाला कोण इचारंल?"

वीस वर्षं मी माशासमोर मांडी घालून बसलो. खवले मोजले. आणि एवढी गोष्ट मला माहीत नव्हती का? होती. बाजारात मासा घेताना मी स्वतः डोळा बघूनच घ्यायचो. घरी आणून गोणपाटावर ठेवला की विसरायचो. ह्याला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा.

मी चाचांचं वाक्य सांगितलं. आक्का म्हणाली, "मालाला डोळा नसतो? आरं, डोळा हाय म्हणून तर माल हाय!" मग तिनं माझा चेहरा बघितला असावा. हळू आवाजात म्हणाली, "हे बग, खवलं लई ग्वाड काढलंस. त्या दुसऱ्यापरीस मला तुजाच आवडला. एक काळी टिकली ठेव तेवडी. भिंत तुजी."

एक टिकली. ब्रश हातातच होता, काळ्याचा डबा पायापाशी. मी वाकलो, ब्रश बुडवला. देवाशपथ सांगतो, मी ठेवली असती. पण तो मोटारसायकलला टेकून बघत होता, आणि त्याला तोंड आवरलं नाही. म्हणाला, "ठेव की. कुणाला भितोस? चाचाला दिसतंय व्हय आता?"

तसा मी सरळ झालो आणि ब्रश डब्यात टाकला. म्हणालो, "माझ्या माशाला डोळा नसतो."

"मग तुझा मासा तूच खा," आक्का म्हणाली, आणि पदर खोचून त्याच्याकडं वळली.

घरी सांगितलं तर बायकोनं भाकरीचं पीठ हातावरनं झटकलं. "एका टिकलीपायी?" म्हणाली. "आहो, मी रोज लावते कपाळाला. सांगितलं असतं तर माझी काढून दिली असती." मी म्हणालो, तुला त्यातलं कळत नाही. ती म्हणाली, "मला भाकरीतलं कळतं." आणि आत गेली.

घरातली किंमत कळली, आता जिथं माझी किंमत होती तिथं जावं म्हणून मी दुसऱ्या दिवशी मुरुमला गेलो, चाचांकडं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. काचबिंदूनं चाचांची नजर गेली त्याला काही वर्षं झाली होती. बाहेरच्या खोलीत बाजेवर बसलेले असायचे. मी दारात मोटारसायकल लावली, तशी आतनंच म्हणाले, "लोहाऱ्याचा पेंटर आला वाटतं. गाडी ओळखली तुझी." मी पाया पडलो. चहा आला. मी सगळं सांगितलं, शटर, आक्का, टिकली. पुतण्या तिथं काय बोलला तेही सांगितलं, थोडं तिखटमीठ लावून. वाट बघत बसलो की आता चाचा माझ्या पाठीवर हात ठेवतील.

ते म्हणाले, "काम गेलं?"

"गेलं."

"एका डोळ्यापायी?"

"तुमच्या नियमापायी, चाचा."

"मेरा नियम?" त्यांनी कप शोधून खाली ठेवला. "तेरेकू मी कवा सांगितलं, डोळा काढू नको म्हणून?"

मी आठवून बघितलं. हॉटेलवाल्याला सांगितलं होतं, मी डबे धूत होतो. पुतण्याला हाकललं होतं, मी शेजारी उभा होतो. मला? मला कधीच नाही. "पण त्याला तर हाकललंत," मी म्हणालो.

"तो माझ्या भावाचं पोर. माझ्या घरचा. त्याच्या करणीचा जाब मला द्यायचा वर," चाचा म्हणाले. "तू परक्याचं लेकरू. तुझ्या माशाला एक डोळा असला काय न् तीन असले काय, मेरेकू काय?" ते अगदी साधेपणानं म्हणाले, त्यात राग नव्हता. मग सांगू की नको असं करत म्हणाले, "खरं सांगू का? मला वाटायचं, तेरेकू डोळा जमत न्हाय. खवले लई मेहनतीनं काढतं पोरगं, डोळ्याला हात कापतो, म्हणून सोडून देतं. वाईट वाटंल म्हणून कधी बोललो न्हाय."

 वीस वर्षं. ह्या माणसाच्या शब्दाखातर मी वीस वर्षं मासे आंधळे केले, दुकान घालवलं, आणि हा माणूस माझी दया करत होता! मला त्यांना लागेल असं काहीतरी बोलायचं होतं, खोल लागेल असं. मी म्हणालो, "तुमच्या पुतण्याला जमतो डोळा. काल काढला. जिवंत आहे त्याचा मासा, चाचा. शटर उचललं तर पळून जाईल. बसा आता वर जाब देत."

ते एकदम गप्प झाले. लागलं, मला वाटलं. बरं झालं.

मग म्हणाले, "सच?"

"हो."

"शेपूट कसं टाकलं त्यानं?"

मी सांगितलं नाही. तरी त्यांचा उजवा हात मांडीवर उठला आणि हवेत एक वळण घेऊन खाली आला, जाडाकडनं बारीक. हुबेहूब. न बघता. "असं?" म्हणाले. चेहरा असा झाला होता की मला बघवेना. एवढ्या वर्षांत माझ्या एका माशावर तो चेहरा तसा झाला नव्हता. "मेरेकू घेऊन चल," ते म्हणाले. "माकणीला. तो इकडं येत न्हाय, मी बोलावू कुठल्या तोंडानं? आपण नुसतं बघून येऊ."

"तुम्हाला दिसणार नाही, चाचा."

"हात लावून बघतो. जाड मारतो तो रंग, हाताला कळंल. अर्धा घंटा फक्त. चल." बाजेखाली पायानं चपला शोधायला लागले. एक सापडली, दुसरी सापडत नव्हती. ती माझ्या पायापाशीच होती.

मी म्हणालो, "गाडी बिघडलीय माझी."

त्यांचा पाय थांबला. एक चप्पल घातलेली, एक पाय जमिनीवर. तोंड माझ्याकडं होतं.

"हौ," ते म्हणाले. "बरं. बरं, बाबा. मग राहू दे."

मी उठलो, बाहेर आलो. गाडी दारातच उभी होती. ढकलत कोपऱ्यापर्यंत न्यावी, तिथं चालू करावी, असं एकदा मनात आलं. मग म्हणालो, खड्ड्यात गेलं सगळं, आणि दारातच किक मारली. पहिल्या किकेत चालू झाली.